मोजणीच्या आधीची घंटा

ऑक्टोबरचा पहिला बुधवार म्हणजे आमच्याकडे मोजणीचा दिवस. त्या दिवशी वर्गात जितकी मुलं बसलेली असतील, तितक्यांचे पैसे सरकार शाळेला वर्षभर देतं. मंगळवारी किती होती आणि गुरुवारी किती येतील, याला फारशी किंमत नाही. मिशिगनच्या सगळ्या सरकारी शाळांना हाच नियम. म्हणून त्या दिवशी कुठे पिझ्झा असतो, कुठे टोप्या वाटतात. मेपल रोडच्या शाळेत पॅनकेक असायचे आणि त्यांच्या जोडीला मी केलेल्या, अंडं-बटाटा भरलेल्या टोर्टिया, आमच्याकडच्या पोळ्या. बावीस वर्षं मी त्या केल्या. एरवी मी बस चालवायचे आणि सकाळचं स्वयंपाकघर बघायचे.

मेपल रोडची शाळा म्हणजे ट्रॅक्टर विकायचं जुनं दुकान. पुढे मोठ्या काचा, मागे तीन वर्ग, आणि फरशीला कितीही घासलं तरी न जाणारा तेलाचा वास. वेल्डन गावच्या मोठ्या शाळेत जी मुलं टिकली नाहीत ती आमच्याकडे यायची. कुणी मागे पडलेलं, कुणाला काढून टाकलेलं, कुणाच्या कडेवर मूल, कुणी घर चालवायला काम करणारं. गावात तिला नापासांची शाळा म्हणत. आमची मुलंही म्हणत. फक्त बाहेरच्या कुणी म्हटलं की भांडायला उठत.

शाळा चालवणाऱ्या आर्डिथ पावलाक. मुलं त्यांना पावलाक बाई म्हणत, मी आर्डिथ म्हणायचे, कारण मी वयाने दहा वर्षांनी मोठी. मी एकोणपन्नास वर्षांची असताना त्यांनी मला संध्याकाळी बसवून अक्षरं शिकवली. तोवर मी त्याच शाळेत भांडी घासायचे आणि डब्यांवरची चित्रं बघून काय कशात आहे ते ओळखायचे. लहानपणी आईवडिलांबरोबर टेक्सासहून साखरेचं बीट खुरपायला आले ती इथेच राहिले, शाळा कधी झालीच नाही.

शाळेच्या दारात एका खांबावर घंटा होती. आर्डिथच्या वडिलांच्या शेतावरची, गड्यांना जेवायला बोलवायची. रीत अशी की ज्याचा शेवटचा विषय पुरा होईल त्याने त्याच घटकेला ती वाजवायची. वर्ग चालू असला तरी सगळे उठून बाहेर. घंटा वाजली की आर्डिथ शाळा पुरी केल्याच्या दाखल्यावर तारीख घालून सही करायच्या, आणि व्हरांड्यात सगळ्या मुलांच्या नावांची पाटी होती, तिच्यावरचं त्याचं नाव पुसलं जायचं. जूनचा समारंभ वगैरे काही नाही. फार पूर्वी एका मुलीला त्यांनी समारंभासाठी चार आठवडे थांबायला सांगितलं होतं. ती परत आलीच नाही. तिचा दाखला आर्डिथच्या खणात तसाच पडून होता, तारीख न घातलेला. त्यानंतर त्यांनी कुणाला एक दिवसही थांबवलं नाही.

मी बस चालवण्याची लेखी परीक्षा पास झाले तेव्हा माझ्यासाठीही घंटा वाजली. मी बावन्नची होते. पाटीवरची नावं पुसायचं काम तेव्हापासून माझ्याकडे आलं. पुसायचं म्हणजे आधी वाचावं लागतं ना.

त्या वर्षी उन्हाळ्यात गावच्या शिक्षण मंडळाने शाळेचं मूल्यमापन करायचं ठरवलं. सात वर्षांपूर्वी आमच्याकडे एकाहत्तर मुलं होती. मग चौसष्ट, अठ्ठावन्न, एकोणपन्नास अशी उतरत गेली. गावात मुलंच कमी जन्मत होती, आणि काहीजण घरी बसून संगणकावर शाळा करू लागली होती. मंडळाने हिशेब घातला की तीन शिक्षक, आर्डिथ, इमारत आणि माझ्या बसचा आमच्या शाळेकडचा अर्धा वाटा यांचा खर्च चाळीस मुलांच्या पैशांत भागतो. म्हणून मोजणीला चाळीस किंवा जास्त निघाली तर शाळा राहील. कमी निघाली तर जूनमध्ये बंद, आणि मुलं मोठ्या शाळेत.

सप्टेंबरच्या शेवटी पाटीवर बरोबर चाळीस नावं होती. आर्डिथने तो आकडा स्वयंपाकघराच्या फळ्यावर लिहून ठेवला होता, दूध किती मागवायचं त्याच्या वर.

मूल्यमापन करायला आला तो कर्टिस हेमेटर. जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीतला पन्नाशीचा माणूस, पायात स्वच्छ बूट, डोळ्यांखाली काळं. त्या वर्षी त्याने आधीच तीन शाळा तपासल्या होत्या आणि तिन्ही बंद झाल्या होत्या. हे त्याने स्वतःच सांगितलं, बढाई म्हणून नाही, दुखणं सांगावं तसं. शाळेत त्याला बसायला रिकामं टेबल नव्हतं, म्हणून पहिल्या आठवड्यात तो स्वयंपाकघरात माझ्या समोर बसायचा. मी बटाटे सोलायचे, तो आकडे भरायचा. मग एक दिवस म्हणाला, तुमच्या बसमधून येऊ का. मी म्हटलं, या, पण पट्टा लावावा लागेल.

सकाळी दोन फेऱ्या व्हायच्या. शेवटच्या घरापासून शाळेपर्यंत अर्धा तास लागायचा, दोन्हीकडे बीटची शेतं. हंगाम नुकताच सुरू होत होता. रस्त्याच्या वळणांवर ट्रकमधून सांडलेले बीट पडलेले असत, आणि वारा पूर्वेचा असला की साखर कारखान्याचा आंबूस वास बसमध्ये भरायचा. मुलं त्याला बघून एकमेकांना ढोसत होती. मागून कुणीतरी विचारलं, "साहेब, तुम्ही बसलात तर एक्केचाळीस होतात का?" तो हसला नाही, पण त्याला राग आला नाही, हे मी आरशात पाहिलं.

शायला ड्रिस्कॉल नेहमी माझ्या मागच्या सीटवर बसायची. एकोणीस वर्षांची. सोबत तिची दोन वर्षांची मुलगी पॉपी, तिला मी शाळेजवळच्या पाळणाघरात उतरवायचे. शायला सतरा वर्षांची असताना आली तेव्हा तिचे तीन वर्षांचे जवळजवळ सगळे विषय राहिले होते. आता अर्धा उरला होता, इतिहासाचा. दारात बस लागायला दोन मिनिटं उशीर झाला की ती म्हणायची, "मिस लिंडा, तुमची बस आणि पॉपीचा बाप, दोघंही येतो म्हणतात." मी म्हणायचे, माझी बस येते तरी.

त्या सकाळी मुलं उतरल्यावर हेमेटर बसमध्येच बसून राहिला. त्याच्या मांडीवर कागद होता. त्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे उतरत गेली होती.

"चार वर्षांत शाळा पुरी करणारी मुलं शंभरात एकतीस," तो म्हणाला. "मोठ्या शाळेत अठ्ठ्याऐंशी. मंडळ पहिल्यांदा हेच बघणार."

"आमच्याकडे येतात तेव्हा चारातली तीन वर्षं संपलेली असतात."

"ते तक्त्याला कळत नाही, मिसेस किरोगा."

"तक्त्याला नको कळू दे. तुम्हाला कळतंय ना?"

त्याने कागद घडी घालून ठेवला. कळण्यासाठी मला पगार मिळत नाही, असं काहीसं म्हणाला, आणि मग त्यालाच ते बरं वाटलं नसावं, कारण उतरताना त्याने माझी रिकामी कॉफीची बाटली धुवायला नेली.

तो सोमवार होता, मोजणीला दोन दिवस उरले होते. आर्डिथ सकाळीच मंडळाच्या कचेरीत गेल्या होत्या, मोजणीचे कोरे तक्ते आणायला. दुपारी दीडच्या सुमारास मी ओट्यावर बुधवारसाठी पिठाच्या गोण्या मोजत होते. हेमेटर नेहमीच्या जागी. तेवढ्यात इतिहासाचे शिक्षक व्हरांड्यातून जवळजवळ पळत आले. त्यांच्या हातात शायलाची शेवटची उत्तरपत्रिका होती. त्यांनी ती वर धरली आणि एवढंच म्हणाले, झालं.

पुढे जे झालं ते पाणी उतारावर जावं तसं झालं. तिन्ही वर्ग उठले. खुर्च्या सरकल्या. मी हात पुसत बाहेर आले. कुणीतरी रस्ता ओलांडून पाळणाघरातून पॉपीला घेऊन आलं. शायला खांबाखाली उभी राहिली, तिने दोर धरला आणि सोडला, पुन्हा धरला. मग मला म्हणाली, हिला उचला ना. मी पॉपीला उचललं, तिच्या मुठीत दोर दिला, आणि आईच्या हाताबरोबर तिचाही हात ओढला गेला. घंटेचा आवाज रस्त्यापलीकडच्या गुदामांपर्यंत जायचा. मुलं ओरडत होती. हेमेटर दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी आत गेले, पाटीसमोर उभी राहिले, नाव वाचलं आणि बाहीने पुसलं.

पुसल्यावर सवयीने मोजली. एकोणचाळीस. वाटलं चुकले. पुन्हा मोजली, बोट ठेवून.

स्वयंपाकघराच्या फळ्यावर चाळीस लिहिलेलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. रोज सगळे ते बघत होते. शिक्षक बघत होते, मुलं बघत होती, मी तर त्याच्या खाली उभी राहून दूध मागवत होते. आणि एकालाही घंटेच्या वेळी आठवलं नाही. आर्डिथ असत्या तरी वाजली असती, असं मला वाटतं. बावीस वर्षांत आम्ही फक्त वाजवायला शिकलो होतो. न वाजवायला कुणी शिकवलंच नव्हतं.

आर्डिथ तीनला आल्या. गुडघा दुखत होता म्हणून दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि पाटीकडे बघितलं. त्यांनी शायलाला मिठी मारली, बराच वेळ मारली, आणि मग आम्ही चौघं स्वयंपाकघरात बसलो. आर्डिथ, शायला, मी, आणि कोपऱ्यात हेमेटर, जो उठून जावं की नाही या विचारात होता.

शायलाला एव्हाना कळलं होतं. ती म्हणाली, नाव पुन्हा लिहा. मी बुधवारी येऊन बसते, पॅनकेक खाते, गुरुवारी जाते. दाखल्यावर गुरुवारची तारीख घाला. त्यात काय आहे?

अडचण अशी की वृद्धाश्रमातलं तिचं शिक्षण मंगळवारी सकाळी आठला सुरू होणार होतं. म्हाताऱ्यांना उठवणं-बसवणं, अंघोळ घालणं, औषधं देणं, सहा आठवड्यांचं, आणि शिकतानाही पगार. जागा आठच. शाळा पुरी केल्याचा तारखेसह दाखला दारात दाखवल्याशिवाय आत घेत नव्हते. पुढची तुकडी जानेवारीत होती.

"जानेवारीत जाईन," शायला म्हणाली. "पेट्रोलपंपावर आहेच मी. तीन महिने काय."

मी तिच्या बाजूने बोलले. कबूल करते. एका पोरीला तीन महिने, आणि तिकडे एकोणचाळीस पोरं. मी आर्डिथला म्हटलं, तारीखच आहे ती, आकाशातून पडलेली नाही. आर्डिथ टेबलावरची पिठाची रेघ बोटाने इकडेतिकडे करत होत्या. तेवढ्यात हेमेटरने खुर्ची टेबलाकडे ओढली.

"मी आज दिवसभर माझ्या कचेरीत होतो असं म्हणू शकतो," तो म्हणाला. "मला कुणी विचारणार नाही."

"तुम्ही इथे होतात," आर्डिथ म्हणाल्या. "टाळ्या वाजवल्यात."

"वाजवल्या."

"मग?"

आर्डिथने शायलाकडे न बघता मला सांगितलं, जणू ती तिथे नव्हतीच. "लिंडा, जानेवारीला तिचं मूल आजारी पडेल. नाहीतर गाडी बिघडेल. नाहीतर पंपावर पन्नास सेंट वाढवून देतील आणि तिला वाटेल, बरं आहे हे. माझ्या खणात एक दाखला आहे, तू पाहिलायस. दुसरा ठेवून मी चाळीस मुलांपुढे कशी उभी राहू?"

त्यांनी सोमवारची तारीख घातली. सही केली. शाई सुकेपर्यंत सगळे त्या कागदाकडे बघत बसलो.

मला राग आला होता. आजही थोडा आहे. घरी जाताना मी मनात त्यांना म्हणत होते, तुमचा खण स्वच्छ राहावा म्हणून शाळा गेली. शायलाला उतरवताना तिने नेहमीसारखा विनोद केला नाही. पॉपीला झोप लागली होती. तिला उचलून देताना शायला म्हणाली, "मिस लिंडा, मी उद्या जाऊ ना?" मी म्हटलं, जा गं बाई. सात वाजता निघ, पुलावर काम चाललंय.

बुधवारी मी पहाटेपासून टोर्टिया लाटल्या. आठवडाभर पाऊस होता तो मंगळवारी थांबला होता आणि कारखान्याने बीट काढायला शेतं मोकळी केली होती. बीटचं असंच आहे, चिखल वाळला की मिळेल तो माणूस, मिळेल तो ट्रक. मी दोन फेऱ्या केल्या तेव्हा तीन दारांतून कुणी आलं नाही. छत्तीस मुलं बसली, छत्तीस मोजली गेली. पॅनकेक उरले.

मोजणीला नसलेल्या मुलाला शाळेचे दहा दिवस मिळतात. त्या दहा दिवसांत येऊन तो वर्गात बसला तर त्याला धरतात. बसवाल्यांची खरी मोजणी तिथून सुरू होते. मी रोज शेवटच्या फेरीनंतर बस तशीच पुढे नेऊ लागले. ब्रेनन शॉ चौथ्या दिवशी मिळाला, काकांच्या ट्रकवर होता, त्याला ट्रकमधूनच बसमध्ये घेतला. डार्ला प्रुइट घरीच होती, दात दुखत होता, सातव्या दिवशी गालाला फडकं बांधून आली. राहिली मार्सेला इबारा.

ती बीटच्या ढिगांच्या मैदानात होती. येणाऱ्या ट्रकमधला नमुना पिशवीत भरून चिठ्ठी लावायचं काम. तिचा बाप मुकादम. मी त्याला आठव्या दिवशी विचारलं, नवव्या दिवशी विचारलं. तो माझ्याच गावाकडचा, मोठ्या मानाने बोलायचा, माझं पुरं नाव घेऊन, आधी आमच्याकडचं बाईसाहेबांसारखं 'दोन्या' लावून. म्हणाला, दोन्या हेरलिंडा, हंगाम संपला की स्वतः आणून सोडतो. मी म्हटलं, हंगाम संपला की आणून काय करू, माझी मोजणी उद्या संपते. त्याने हिशेब विचारला. चाळीस हवेत, ती धरून किती होतात? मी खोटं बोलू शकले असते.

"एकोणचाळीस," मी म्हटलं.

"म्हणजे ती आली तरी शाळा जाणार."

"जाणार बहुतेक."

"मग कशाला?"

मागे ढिगावर सरकत्या पट्ट्यावरून बीट पडत होते, त्याचा सतत गडगडाट. मी म्हटलं, अडतीस मोजून बंद झाली तर लोक म्हणतील मुलंच येत नव्हती. ती येत होती एवढं तरी कागदावर राहू दे. त्याने टोपी काढून पुन्हा घातली. दहाव्या दिवशी सकाळी मार्सेला स्वतः फाटकाशी उभी होती, गुडघ्यापर्यंत चिखल. ती वर्गात एक तास बसली, हेमेटरने तिच्या नावापुढे खूण केली, आणि मी तिला परत ढिगावर सोडून आले.

नोव्हेंबरात मंडळाची बैठक झाली, मोठ्या शाळेच्या ग्रंथालयात. आम्ही मागे बसलो. हेमेटरने पडद्यावर ती उतरती रेघ दाखवली. मुलं किती, एका मुलामागे खर्च किती, चार वर्षांत पुरी करणारी किती. मग त्याने एक जादा पान काढलं, जे त्याच्याकडे कुणी मागितलं नव्हतं. गेल्या सात वर्षांत मेपल रोडमधून मोजणीच्या आधीच्या पाच आठवड्यांत किती मुलांनी शाळा पुरी केली, ते त्यात होतं. दर वर्षी चार, कधी सहा. त्यांना बुधवारपर्यंत थांबवलं असतं तर काय दिसलं असतं, ती दुसरी रेघ त्याने काढली होती. तीही उतरत होती, पण चाळीसच्या वर. यंदाच्या सप्टेंबरातही शायलाच्या आधी तिघांनी घंटा वाजवली होती. ते मी विसरलेच होते. पुसली होती ती नावंही मीच.

मंडळाचे अध्यक्ष सभ्य गृहस्थ, दोनशे एकर बीट त्यांचं, ब्रेननचा काका त्यांचाच माल वाहायचा. त्यांनी पान लक्ष देऊन पाहिलं. मग विचारलं, "पण यंदा चाळीस आहेत का?"

"नाहीत," हेमेटर म्हणाला.

शाळा बंद करायला पाच मतं पडली, विरुद्ध दोन. बाहेर येताना तो आमच्यापाशी थांबला, आर्डिथला काही सांगायला म्हणून, आणि हवा गार पडली आहे एवढंच सांगून गेला.

गाडीपाशी मी आर्डिथला विचारलं, आता? त्या म्हणाल्या, आता जूनपर्यंत आपल्याला कुणी मोजणार नाही. गाडी सुरू करून त्यांनी काच खाली केली. "मोठ्या शाळेत ही मुलं महिनाभर टिकणार नाहीत, लिंडा. जितकी पुरी होतील तितकी पुरी करायची. मागे कमीत कमी ठेवायची."

तो हिवाळा मला नीट आठवत नाही, इतकी मी दमत होते. शनिवारी वर्ग सुरू झाले, म्हणजे शनिवारी बस. शिक्षक नवी नोकरी शोधत होते आणि संध्याकाळी सहापर्यंत बसतही होते. मुलं आधी चिडली, कुणी म्हणालं, बंद होणाऱ्या शाळेत जीव कशाला काढायचा. मग फेब्रुवारीत बर्फात पहिली घंटा वाजली, ब्रेननची, दोराला बर्फ लागून तो करकरत होता. त्यानंतर आठवड्याला एक, कधी दोन. प्रत्येक घंटेला पाटी रिकामी होत होती आणि आता त्याचं कुणालाच भय नव्हतं. जूनपर्यंत सव्वीस वाजल्या. दोघं गाव सोडून गेले. अकरा नावं पाटीवर राहिली. ती मी पुसली नाहीत, पाटी तशीच भिंतीवरून काढली. घंटा आर्डिथने घरी नेली आणि अंगणात जमिनीवर ठेवली आहे. टांगायला कुणी माणूस बघू म्हणतात.

शायला तिथेच वृद्धाश्रमात आहे. माझी थोरली बहीण आता तिथे असते, तिची नखं शायलाच कापते. मी भेटायला गेले की बहीण सांगते, ही पोरगी हळू हाताची आहे. आर्डिथवरचा माझा राग त्या वेळी कमी असतो. घरी पोचेपर्यंत पुन्हा थोडा येतो.

सप्टेंबरपासून मी मोठ्या शाळेची बस चालवते. मोठी आहे, वळायला त्रास होतो. आमच्या अकराही जणांची घरं माझ्याच रस्त्यावर दिली. पहिल्या आठवड्यात अकरा आली, मग दहा, मग कधी आठ. मेपल रोडवरून जाताना ती खिडकीबाहेर बघत नाहीत, मीही बघत नाही. काचांवर कागद चिकटवलाय.

ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी सात जणं आली. मोठ्या शाळेत पिझ्झा होता, मी आत गेले नाही. बस वळवून लावते आहे तेवढ्यात कचेरीतली बाई धावत बाहेर आली, गळ्यात ओळखपत्र, हातात कागद. आमच्या शाळेत ती कधी आली नव्हती. मला ती नावाने ओळखत होती याचं नवल वाटलं.

"हेरलिंडा, ही चार आलेली नाहीत," ती म्हणाली. "तुला यांची घरं ठाऊक आहेत ना?"

"आहेत."

"दहा दिवस आहेत आपल्याला."

मी कागद घेतला. चष्मा लावून चारही नावं वाचली. पहिलं मार्सेलाचं होतं. आदल्या दिवशी पाऊस थांबला होता, म्हणजे ती ढिगावरच असणार. मी दार लावलं, आरसा नीट केला आणि बस त्या रस्त्याला घेतली.